माळावरचा कोरडा चौकोन

१

देवखोलात पाऊस पडला, हे सांगायला साक्षीदार लागणार नव्हते. फुटलेली कौलं होती, आडवा झालेला वाल होता आणि कलमांखाली मोहोराचा नि सुपारीएवढ्या कैऱ्यांचा सडा होता. माघ सरत आला की पोलादपूरच्या या डोंगरांत हवेचा भरवसा नसतो. सकाळी धुकं एवढं की समोरचा बैल दिसत नाही, दुपारी अंग भाजतं आणि पाठीमागच्या घाटावर ढग कधी चढून बसले ते कळत नाही. त्या दिवशीही तसंच झालं. दुपार कलता कलता गारा आल्या, मागोमाग पाऊस आला आणि दिवे लागायच्या आत आकाश धुतल्यासारखं स्वच्छ झालं.

फक्त यंत्र म्हणत होतं, पाऊस पडलाच नाही.

गावामागच्या माळावर विमा कंपनीचं हवामान केंद्र होतं. तारेच्या कुंपणात एक उंच खांब, त्यावर वारा आणि उष्णता मोजणारी उपकरणं आणि खाली गुडघाभर उंचीच्या पायावर पाऊस मोजायचं गोल भांडं. अवकाळी पाऊस या भांड्यात ठराविक मापापुढे गेला, तरच कलमांच्या विम्याची भरपाई मिळायची. त्या दुपारी हवेतला दमटपणा चढल्याची नोंद होती, वारा उसळल्याची होती, उष्णता एकदम उतरल्याचीही होती. पावसाच्या रकान्यात शून्य होतं.

तिसऱ्या दिवशी कंपनीचा निरीक्षक ओंकार आला आणि समाजमंदिरात सभा भरली. केंद्राच्या फाटकाचं कुलूप शाबूत होतं. चाव्या दोन. एक अश्वजितकडे असे. बौद्धवाडीतला हा पोरगा कंपनीच्या थोड्या मानधनावर केंद्राची देखभाल करायचा, गवत काढायचा, भांड्यातला पाला साफ करायचा. दुसरी चावी गावची पोलीस पाटील म्हणून दर्शनाकडे होती.

ओंकारने तिला विचारलं. चार वर्षं हे काम करणारी दर्शना, महाडच्या कॉलेजात शिकलेली, गावात तिच्या शब्दाला वजन होतं. ती उठून म्हणाली, "माझी चावी घरातून हललेली नाही."

तिच्या मते ही साधी माहिती होती. पण ते वाक्य संपताच सभेतल्या सगळ्या माना अश्वजितकडे वळल्या. कुणीतरी म्हणालं, ह्याच्या घरात एक कलम नाय, ह्याला काय सोयरसुतक. दुसऱ्याने आठवण काढली की गेल्या सभेत यानेच मंदिराच्या सभामंडपाआधी बौद्धवाडीचा रस्ता करा म्हणून वाद घातला होता. सरपंच दत्तारामने तेव्हा त्याला खाली बसवलं होतं. आता दत्तारामने सगळ्यांच्या वतीने निकालच सांगून टाकला. "राग काढलान. दुसरं काय."

अश्वजितची वनरक्षकाच्या भरतीत निवड झाली होती. पोलीस ठाण्यातून चारित्र्याची पडताळणी तेवढी राहिली होती, आणि ठाणं आधी पोलीस पाटलाचा अहवाल मागवतं. ओंकार म्हणाला, तीन दिवसांनी सकाळी मी अहवाल पाठवणार. त्यात देखभाल करणाऱ्याने खोडसाळपणा केला असं आलं, तर पोलिसांत तक्रार आपोआप होईल.

मग त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. कंपनीच्याच माणसाने भांडं झाकलं असेल, तर जबाबदारी कंपनीची. शेजारच्या केंद्राचा आकडा धरून सगळ्यांना भरपाई मिळेल. पण विमा उतरवलेल्यांपैकीच कुणी झाकलं असेल, तर शून्य ते शून्यच.

अश्वजितचा दोष आता गावाला हवासा झाला होता.

२

दोन दिवस गावात चार दारी विचारपूस करून दर्शना ओंकारला घेऊन माळावर गेली, तेव्हा अश्वजित फाटकापाशी उभा होता. त्याने कुलूप काढलं आणि बाजूला झाला. तिने त्याला त्या दिवसाचं विचारलं. तो म्हणाला, सकाळी फाटक तपासलं आणि बहीण राजश्री मुंबईहून येणार होती म्हणून वीर स्टेशनला गेलो. गाडी उशिरा आली. परत येईपर्यंत पाऊस येऊन गेला होता.

"म्हणजे सकाळीच झाकून जाता आलं असतं," ओंकार म्हणाला.

"आलं असतं," अश्वजित म्हणाला. "सभेतही हेच म्हणाले."

ओंकारने भांड्यात तांब्याभर पाणी हळूहळू ओतलं आणि मोबाइलवर पाहिलं. पाणी मोजलं गेलं. यंत्र ठीक होतं, नळी तुंबलेली नव्हती. म्हणजे पाऊस भांड्यापर्यंत पोचलाच नव्हता.

दर्शना कुंपणाच्या आत खाली बघत फिरत होती. अश्वजितने गवत काढून जागा लख्ख ठेवली होती. गारा आणि पावसाच्या माऱ्याने मातीवर खळगे पडले होते आणि उन्हाने वाळून त्यावर कडक पापुद्रा आला होता. पाय ठेवला की तो करकर मोडत होता. भांड्याजवळ मात्र तिचा पाय आवाज न करता धुळीत रुतला.

ती थांबली, वाकली. भांडं मध्ये धरून त्याच्या चहूबाजूंना मोठी चटई अंथरता येईल एवढा मातीचा तुकडा भुसभुशीत होता. त्यावर एकही खळगा नव्हता. कडा सरळ होत्या.

"ताडपत्री," ओंकार म्हणाला. "झाकलं होतं हे नक्की झालं."

"हो," दर्शना म्हणाली, "पण नुसतं भांडं झाकायला एवढी ताडपत्री कशाला? प्लॅस्टिकची पिशवी घालून दोरी बांधली की झालं. खिशात घालून नेता येते. ताडपत्री डोक्यावर घेऊन भर दिवसा माळ चढायची, चार टोकं कुंपणाला बांधायची, हे कोण करेल?"

कुंपणाच्या तारांवर तिला चिंध्या सापडल्या. जुन्या लुगड्याचे फाडलेले पट्टे, पक्क्या गाठी मारलेले आणि सोडताना घाईत विळ्याने कापलेले. ती मनाशी उलटी मांडणी करून बघू लागली. ज्याला भांडं झाकायचं होतं, त्याने एवढी जमीन झाकली नसती. जमीन झाकणाऱ्याला मात्र भांडं टाळता आलं नसतं. उलट ताडपत्री खाली टेकू नये म्हणून मध्ये खांबासारखं काहीतरी हवंच होतं, आणि ते भांडं तिथे आयतंच होतं. म्हणजे वाचवायचं होतं ते जमिनीवर पसरलेलं काहीतरी. गारा येताना ते गोळा करून पळता आलं नाही, असं काहीतरी.

चौकोनाच्या कडेला मुंग्यांची रांग लागली होती. प्रत्येकीच्या तोंडात पांढरी कपची. ओंकारने विचारलं, हे काय, चुना का? दर्शनाने एक कपची उचलली, बोटांत चुरली आणि नाकाशी नेली.

ओवा आणि हिरवी मिरची.

आदल्या संध्याकाळी तिच्या ताटात दत्तारामच्या घरून आलेली, तळलेली तांदळाची पापडी होती. तिला हाच वास होता.

"चुनाच असेल," ती म्हणाली आणि बोटं पदराला पुसली. अश्वजित तिच्याकडे बघत होता. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

३

खोटं बोलून झाल्यावर माळ उतरताना तिने स्वतःची समजूत घातली की खात्री झाल्याशिवाय कुणाचं नाव घ्यायचं नाही, हेच तर आपलं काम. समजूत काही नीट बसली नाही.

ती थेट दत्तारामच्या घरी गेली. शिमगा झाला की त्याच्या मुलीचं, राजनंदिनीचं लग्न होतं. ओटीवर रुखवताची तयारी मांडलेली होती. दत्तारामची बायको सारिका हिने तिला कौतुकाने डबा उघडून दाखवला. पापड्या एकावर एक रचलेल्या, पांढऱ्याशुभ्र, काठसुद्धा न दुमडलेला.

दर्शनाने विचारलं, कधी घातल्या? सारिकाने मोकळेपणाने सांगितलं की तू पोलादपूरला तहसिलात मीटिंगला गेली होतीस ना, त्याच दिवशी. समाजमंदिरातला मोठा टोप आणला होता, चार बायका जमल्या होत्या. तुझी सासू नसती तर पिठाला चीक आला नसता.

तो गारांचाच दिवस होता. "आणि सुकवल्या कुठे?"

सारिकाचा हात झाकणावर थांबला. "अंगणात. आणखी कुठं?"

दर्शनाने अंगणाकडे पाहिलं. डोंगराच्या सावलीतलं गाव, थंडीच्या दिवसांत इथे ऊन पोचतं ते दुपार होता होता. भात झोडून झालं की गुरं मोकाट सुटतात. आत्ताही तुळशीपाशी कुणाची तरी शेळी उभी होती. वळचणीची कौलं गारांनी फुटून अंगणात पडली होती. सकाळी घातलेली पापडी दुपारी वरून सुकल्यासारखी दिसते, पण कागदाला चिकटलेली असते. उचलायला गेलं की फाटते. ज्या अंगणात कौल टिकलं नाही, तिथे पापडी टिकली होती.

गुरं, कुत्री, कोंबड्या यांच्यापासून राखलेली आणि डोंगराच्या सावलीबाहेर, सकाळपासून ऊन खाणारी एकच जागा देवखोलात होती. तिला कुंपण होतं आणि कुलूप होतं.

"वयनी," दर्शना म्हणाली, "ताडपत्री कुठंय?"

सारिकाने डब्याला झाकण लावलं. उत्तर आलं ते मागून. दत्ताराम दारात येऊन उभा राहिला होता. त्याने बायकोला आत जायला सांगितलं, दर्शनाला खुर्ची दिली आणि समजुतीच्या सुरात बोलायला लागला. मुद्दाम कुणी काय केलेलं नाय. बायकांना काय माहीत ते भांडं कसलं. सभेच्या रात्री मला कळलं. पण आता ते बोलून कुणाचं भलं होणार आहे? अख्ख्या गावाचा मोहोर गेला. पोराचं काय, त्याला दुसरी भरती मिळेल, शिकलेला आहे.

"त्याचं नाव जाईल, भाऊ."

"नाव." दत्ताराम हसला नाही, पण हसल्यासारखं तोंड केलं. "त्यांच्या वाडीत नावाला कोण विचारतंय गो? आणि एक इचार कर. फाटक उघडलं कसं ते पण सांगावं लागंल तुला. चावी आमच्याकडं नव्हती."

४

घरी आल्यावर ती पायही न धुता थेट मधल्या दाराशी गेली. खिळ्याला चावी होती, तिथेच, सुतळीत ओवलेली. हलली नाही असं तिने सभेत सांगितलं ते चावीकडे न बघताच. चावी नेहमी तिथेच असते, म्हणून तिथेच होती असं तिने धरलं होतं.

तिने ती काढून उजेडात धरली. दात्यांच्या खाचांत काहीतरी पांढरं वाळून घट्ट बसलं होतं. नखाने खरवडलं तर निघालं. तांदळाचा चीक होता तो. पिठाच्या हातांनी कुणीतरी कुलूप काढलं होतं.

सासू बयाबाई मागच्या पडवीत वालाच्या शेंगा सोलत बसली होती. नवरा हर्षद महाडच्या कारखान्यात दुपारपाळीला गेला होता. घरात दोघीच होत्या. दर्शनाने चावी तिच्यापुढे ठेवली. बयाबाईने शेंगा सोलणं थांबवलं नाही.

"त्या दिवशी तू नेलीस?"

"मीच."

"मला सांगायचं होतंस, आई."

"सांगणार हुते." बयाबाईने टरफलं बाजूला सारली. मग तिने सगळं सांगितलं. सारिकाच्या अंगणात गुरं सुटलेली, ऊन नाय, म्हणून माळाचं बयाबाईच बोलली. दोन वर्षांपूर्वी कुंपण झालं तेव्हापासून तिच्या मनात होतं की जागा चांगली आहे. ढग आले तशा चौघी धावल्या. ताडपत्री बांधली, भांड्यावर मधोमध उचलली. पाऊस थांबल्यावर सोडून आणली. त्या भांड्यात पाऊस मोजतात हे एकीलाही ठाऊक नव्हतं. वाऱ्याचं यंत्र वर फिरतं, तेच सगळं करतं असं वाटलेलं. सभेच्या दिवशी कळलं.

"मग सभेतच का नाही उठलीस?"

बयाबाईने पहिल्यांदा वर पाहिलं. "उठत हुते गो. तेवढ्यात तूच उठलीस. भर सभेत बोललीस, चावी घरातनं हलली नाय. मग मी काय सांगू? माझी सून खोटं बोलत्ये?"

दर्शना पडवीच्या खांबाला टेकली. चार दारं फिरून ती जे शोधत होती, ते तिच्याच एका वाक्याखाली दबलं होतं. गावातल्या कितीजणांना तिने प्रश्न विचारले. घरात विचारला नव्हता. घरात विचारायचं असतं हे तिच्या मनातच आलं नव्हतं. आपल्या घरावर संशय घ्यायचा नसतो. वाडीवर घ्यायचा असतो. हा हिशेब तिने कधी शिकला नव्हता, तरी तो तिला पाठ होता.

आणि माळावर, ओवा हाताला लागल्यावर, ती चुना म्हणाली होती. ते खोटं बोलायला तरी बयाबाईने सांगितलं नव्हतं.

"उद्या ओंकारसाहेब अहवाल पाठवणार," ती म्हणाली. "मला आजच बोलावं लागेल. गाव आपल्याशी बोलणार नाही, आई. बहुतेक पुढची बरीच वर्षं."

बयाबाईने सूप बाजूला केलं आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. "लुगडं बदलत्ये," ती म्हणाली.

५

सभा दिवस मावळायच्या आधीच भरली. हवा पुन्हा फिरली होती, दुपारचा उकाडा जाऊन घाटावरून गार वारं सुटलं होतं आणि माणसं शाली गुंडाळून बसली होती.

दर्शनाने बसून नाही, उभ्याने सांगितलं. मातीतला चौकोन, चिंध्यांच्या गाठी, मुंग्या, न फाटलेल्या पापड्या. भांडं झाकायचा कुणाचा हेतू नव्हता, जमिनीवरचं वाळवण वाचवायचं होतं, हे तिने पायरी पायरीने मांडलं. मग म्हणाली, "फाटक माझ्या चावीने उघडलं. ती हलली नाही असं मी न बघता सांगितलं. माळावर मला पापडीची कपची सापडली, तेव्हा मला कळलं होतं. मी निरीक्षकांना चुना आहे म्हणून सांगितलं."

ओंकारने लिहिता लिहिता मान वर केली.

बायकांच्या बाजूने बयाबाई उठली. "ताडपत्री मी बांधली," ती म्हणाली. "चावी मी नेली. पोराचा काय संबंध नाय."

तिने आजूबाजूला पाहिलं. त्या दिवशी तिच्याबरोबर धावलेल्या तिघी तिथेच होत्या. सारिका पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. बाकीच्या दोघी घोळक्यात इतक्या आक्रसून बसल्या होत्या की दिसतही नव्हत्या. कुणी उठलं नाही. बयाबाईने नावं घेतली नाहीत.

दत्तारामने ओंकारला हळूच विचारलं, हे सगळं लिहायलाच हवं का? म्हातारीला काय आठवतं, काय नाय. ओंकार म्हणाला, आता लिहायलाच हवं. मागून एकजण दर्शनाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलला की पाटीलबाईंनी गावाच्या तोंडात माती घातली. दुसरा म्हणाला, पगार सरकारचा हाय ना, हिचं काय जातं. तिने ऐकून घेतलं. कलमं तिच्या घरचीही होती, पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

अश्वजित दरवाजाजवळ होता. ओंकारने त्याला विचारलं, तुला काही म्हणायचं आहे का?

त्याने थोडा विचार केला. "त्या दिवशी बोलताना अख्खी सभा होती," तो म्हणाला. "आज परत घेताना दोघीच आहेत."

तो बाहेर पडला.

दर्शना त्याच्या मागे पायऱ्यांपर्यंत गेली. माझा अहवाल आजच पोलादपूरला पोचवते, पडताळणीत काही अडचण येणार नाही, असं तिने सांगितलं. तो म्हणाला, ठीक आहे. मग दोन पायऱ्या उतरून थांबला.

"आईला तुम्ही सांगा," तो म्हणाला. "सभा झाल्यापासून तिला कुणी वाल काढायला बोलावलं नाय. काल दळण टाकायला गेली तर गिरणीत बायका बोलायच्या थांबल्या. मी सांगितलं तर तिला वाटेल, पोरगा स्वतःची बाजू घेतो. ज्यांनी आरोप दारात आणून टाकला, त्यांनीच उचलून न्यावा."

तो रस्त्याने न जाता ओढ्याच्या बाजूने निघून गेला.

दर्शना आणि बयाबाई बौद्धवाडीची चढण चढल्या. या वाटेने बयाबाई कितीतरी वर्षांत आली नव्हती. अश्वजितची आई चंपाबाई अंगणात गारांनी फुटलेली कौलं वेचून एका बाजूला रचत होती. दोघींना बघून ती उभी राहिली, हातातलं कौल तसंच धरून.

दर्शनाने सगळं सांगितलं, सभेत सांगितलं तसंच, चुन्यासकट. बयाबाईने तिचं सांगितलं. राजश्री आतून दारात आली आणि चौकटीला टेकून ऐकत राहिली.

चंपाबाईने शेवटपर्यंत ऐकलं. मग दर्शनाला विचारलं, "तू पोलीस पाटील ना?"

"हो."

"माझ्या पोराला कुठं व्हतास म्हणून इचारलंस. कधी गेलास, कधी आलास इचारलंस. केलंस का रे, असं इचारलंस एकदा तरी?"

दर्शनाने आठवून पाहिलं. आठवण्यासारखं काही नव्हतं. "नाही," ती म्हणाली.

"तो खरं बोलला असता," चंपाबाई म्हणाली.

ती वळली आणि कौलं रचू लागली. तिने दोघींना बसा म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. वारं वाढलं, वाडीत एकेक दिवा लागला, आणि त्या दोघी अंगणाच्या कडेला तशाच उभ्या राहिल्या, कारण इथून निघायचं कसं ते दोघींनाही कळत नव्हतं.